दुर्मीळ परदेशी सुपरकार दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत का दिसत नाहीत?

वळणवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षे मनात घोळत असलेला प्रश्न आज सविस्तर मांडतो आहे.

शाळेत असताना चिंचवडला एका मित्राच्या घरी आम्ही सुट्टीभर 'नीड फॉर स्पीड २' हा संगणकावरचा खेळ खेळायचो. १९९७ सालचा तो खेळ. त्यात फेरारी एफ५० होती, मॅक्लारेन एफ१ होती आणि त्यांच्याच रांगेत इसडेरा कोमेंडाटोरे ११२आय नावाची एक जर्मन गाडी होती. फेरारी जशी इटलीत दिसते तशी ही जर्मनीच्या रस्त्यांवर दिसत असणार, अशी माझी समजूत होती. पुढे कळले की १९९३ साली तयार झालेली ती एकमेव गाडी होती. मर्सिडीजचे व्ही-१२, म्हणजे बारा सिलिंडरचे, इंजिन तिच्यात बसवले होते, पण रीतसर उत्पादन सुरू होण्याआधीच कंपनीजवळचा पैसा संपला.

नंतर आमच्याकडे बीबीसीचा 'टॉप गिअर' हा गाड्यांवरचा कार्यक्रम दिसू लागला आणि तो मी मनापासून पाहिला. आज ना उद्या ही इसडेरा पडद्यावर येईल, निदान तिची थोरली बहीण इम्पेरेटर १०८आय तरी येईल, अशी आशा होती. इम्पेरेटरच्या फक्त ३० गाड्या बनल्या. तिच्या छताच्या मध्यावर पाणबुडीला असतो तसा परिदर्शक आहे आणि मागचे दृश्य चालकाला त्यातून दिसते. इतकी विलक्षण वस्तू एखाद्या कार्यक्रमाला का मोहवत नाही, हे मला समजेना. चिझेटा व्ही१६टी, व्हेक्टर डब्ल्यू८, यामाहा ओएक्स९९-११ यांचीही तीच गत. यामाहाच्या गाडीत फॉर्म्युला वनच्या इंजिनावरून घडवलेले साडेतीन लिटरचे व्ही-१२ आहे, दोन माणसे विमानातल्यासारखी एकामागे एक बसतात आणि बनल्या फक्त तीन. फेरारी, लँबोर्गिनी, अॅस्टन मार्टिन मात्र दर मोसमात आलटून पालटून भेटत राहिल्या.

यातल्या चिझेटाबद्दल थोडे अधिक लिहितो. क्लॉडिओ झाम्पोली हा लँबोर्गिनीत काम केलेला अभियंता आणि जॉर्जिओ मोरोडर हा संगीतकार, अशा दोघांनी मिळून मोदेनामध्ये हा उद्योग उभा केला. आकार मार्चेल्लो गांदिनी यांचा. लँबोर्गिनी डियाब्लोसाठी त्यांनी काढलेला आराखडा त्या वेळच्या मालकांनी, म्हणजे क्रायस्लरने, बराच बदलून घेतला होता. मूळ कल्पना चिझेटात उतरली. सहा लिटरचे सोळा सिलिंडरचे, ६४ झडपांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवे बसवले आहे. सोळा सिलिंडर आडवे ठेवायचे म्हणजे गाडीची मागची बाजू रुंद होणारच, आणि मागून पाहिले की ते लगेच लक्षात येते. १९८८ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये ती लोकांसमोर आली आणि पुढच्या काही वर्षांत डझनभराच्या आसपास गाड्या बनल्या.

माझे मत असे आहे की कार्यक्रमवाल्यांना या गाड्यांची आवड नव्हती हे कारण नव्हे. गाडीची किल्ली त्यांच्या हातात देणारे कोणी उरले नव्हते, हे खरे कारण आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी सुपरकारच्या किमती फुगल्या होत्या आणि त्या भरवशावर अनेक छोटे कारखाने उघडले. १९९० नंतर मंदी आली आणि त्यातले बहुतेक बुडाले. टॉप गिअर १९७७ पासून चालू होता खरा, पण त्याचे जुने रूप मुख्यतः ग्राहकाला सल्ला देण्याचे होते: किंमत किती, इंधन किती लागते, सामानाला जागा किती. आज आपण ओळखतो तो भव्य कार्यक्रम २००२ मध्ये सरे परगण्यातल्या डन्सफोल्ड विमानतळावर सुरू झाला. तोवर या गाड्या नव्या राहिल्या नव्हत्या आणि अभिजात म्हणाव्यात इतक्या जुन्याही झाल्या नव्हत्या. आपल्याला काय वाटते?

पडद्यामागे

वळणवाट, धागा फार आवडला. मी मुंबईत संकलनाचे काम करते आणि वाहनांवरच्या काही कार्यक्रमांशी माझा संबंध आला आहे, म्हणून चित्रीकरणाच्या बाजूने लिहिते.

पडद्यावर सहा-सात मिनिटे दिसणाऱ्या गाडीला प्रत्यक्षात किती पळावे लागते, याची प्रेक्षकाला कल्पना नसते. एकाच वळणावरून ती दहा-बारा वेळा न्यावी लागते: एकदा कॅमेरा जमिनीलगत, एकदा दूरच्या टेकडीवर, एकदा चाकाशेजारी बसवलेला, एकदा पुढे धावणाऱ्या गाडीच्या डिकीतून. ढग आला की थांबायचे, ऊन परतले की पुन्हा तेच वळण, कारण दोन तुकड्यांतला उजेड जुळला नाही तर ते जोडता येत नाहीत. क्लच तापतो, ब्रेक तापतात, दगड उडून रंगाला टवके जातात. कंपनीने पत्रकारांसाठी राखून ठेवलेली गाडी असेल तर याची कोणाला फिकीर नसते, कारण ती त्याच कामासाठी असते. जगात दहा-बाराच असलेल्या गाडीचा मालक मात्र तिसऱ्या फेरीलाच कासावीस होतो.

मी हे जवळून पाहिले आहे. एका चित्रीकरणासाठी आम्ही एका खाजगी संग्राहकाची जुनी परदेशी गाडी मागून घेतली होती. सकाळी सहाला ती झाकलेल्या ट्रकमधून आली, मालकाने स्वतःच्या हाताने आच्छादन काढले, टायरखाली गालिचा अंथरला. साडेआठला चार थेंब पडले. त्यांनी एक शब्दही न बोलता गाडी पुन्हा ट्रकमध्ये चढवली. आमच्याजवळ अकरा मिनिटांचे कच्चे चित्रण होते आणि त्यातल्या नऊ मिनिटांत गाडी उभीच होती. तो भाग आम्हाला सोडून द्यावा लागला. मला त्यांचा राग आला नाही, कारण ती जखमी झाली असती तर तिचा सुटा भाग त्यांनी आणला कुठून असता?

नागमोडी

विषय चांगला आहे, पण 'दिसत नाहीत' हे सरसकट विधान मला पटत नाही. टॉप गिअरने स्वीडनची केनिगसेग दाखवली, इटलीची पगानी झोंडा दाखवली, जर्मनीची गुम्पर्ट अपोलो दाखवली. गुम्पर्टने तर २००८ मध्ये डन्सफोल्डच्या धावपट्टीवर १ मिनिट १७.१ सेकंदांची फेरी मारून कार्यक्रमाच्या फेऱ्यांच्या वेळांच्या तक्त्यावर पहिला क्रमांक मिळवला. या गाड्या बुलढाण्यात बसून मला माहीत झाल्या त्या याच कार्यक्रमामुळे. मग दुर्लक्ष झाले असे कसे म्हणता?

वळणवाट

नागमोडी, आपला आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे मला अधिक नेमके मांडता येईल. आपण घेतलेली तिन्ही नावे त्या वेळी जिवंत असलेल्या कंपन्यांची आहेत. त्यांना गिऱ्हाईक हवे होते, म्हणून त्यांनी आपण होऊन गाडी दिली.

केनिगसेग सीसीएक्सची हकिकत पाहा. २००६ मध्ये स्टिग या पांढऱ्या पोशाखातल्या चालकाने तिची फेरी १ मिनिट २०.४ सेकंदांत पूर्ण केली आणि नंतर पुन्हा पळवताना ती धावपट्टीबाहेर जाऊन टायरच्या भिंतीवर आदळली. हवेच्या जोरावर गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पंख मागच्या बाजूला नसल्यामुळे वेगात तिची पकड कमी पडत होती. कारखान्याने गाडी परत नेली, दुरुस्त केली, मागे पंख बसवला आणि पुन्हा डन्सफोल्डला आणली. या वेळी १ मिनिट १७.६ सेकंद, म्हणजे त्या दिवसापर्यंतची सर्वांत जलद फेरी. पुढे तोच पंख ग्राहकांना पर्याय म्हणून मिळू लागला आणि त्याला 'टॉप गिअर पंख' हेच नाव पडले. दोन फेऱ्यांमधले ते पावणेतीन-तीन सेकंद मिळवण्यासाठी मागे एक चालू कारखाना, हाताशी साचे आणि रात्रभर जागणारे कारागीर लागतात. चिझेटाची गाडी त्याच भिंतीवर आदळली असती तर ती तिथेच संपली असती. म्हणून मी 'दुर्मीळ' हा शब्द दोन अर्थांनी वेगळा करतो: थोड्या बनतात म्हणून दुर्मीळ आणि बनवणाराच उरला नाही म्हणून दुर्मीळ. दुर्लक्ष झाले आहे ते दुसऱ्या प्रकाराचे.

चाचणीपट्टी

मी पुण्यात वाहनचाचणीच्या क्षेत्रात आहे. जिवंत कंपनीलाही गाडी देताना किती धास्ती वाटते, याची एक बाजू मांडतो.

डेन्मार्कची झेन्व्हो एसटी१ ही फक्त १५ गाड्यांची मालिका म्हणून जाहीर झाली होती. २०१४ मध्ये ती टॉप गिअरवर आली. आधी क्लच गेला, नंतर गाडीला आग लागली, आणि फेरीची वेळ नोंदवली ती ओल्या धावपट्टीवर. कंपनीने या सादरीकरणावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मोठ्या कारखान्याच्या एका गाडीला आग लागली तर शंभर दुसऱ्या गाड्या धडधाकट चालताना लोक पाहत असतात. झेन्व्होची रस्त्यावर चालणारी दुसरी गाडी कोणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे सामान्य प्रेक्षकाच्या मनात झेन्व्हो म्हणजे ती आग, एवढेच राहिले.

चाचणीच्या व्यवसायातला एक साधा नियम आहे की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आमच्याकडे नवी गाडी येते तेव्हा धावण्याआधी तिचे वजन होते, टायरमधल्या हवेचा दाब थंड असताना मोजला जातो, धावपट्टीचे तापमान लिहिले जाते, वाऱ्याचा वेग ठराविक मर्यादेबाहेर गेला तर त्या दिवसाचे आकडे धरत नाहीत. दूरचित्रवाणीवरची फेरी हा खेळ आहे, आणि खेळ म्हणून तो मलाही आवडतो. परंतु छोट्या कारखान्याचे सारे भवितव्य त्या एका फेरीवर ठरते आणि तिथे पावसाचे कारण ऐकून घेणारा पंच नसतो. दाद मागायची म्हटले तरी कठीण. टेस्लाने आपल्या रोडस्टर गाडीवरच्या टॉप गिअरच्या भागावरून बीबीसीला न्यायालयात खेचले होते. २०१३ मध्ये अपील न्यायालयातही टेस्लाची बाजू टिकली नाही. टेस्लासारख्यांची ही कथा, तर पंधरा गाड्या बनवणाऱ्याने कोणत्या बळावर जोखीम पत्करायची?

कोकणकडा

क्रोएशियाच्या रिमॅक या कंपनीचे उदाहरण याच्या उलट जाते असे मला वाटते. जून २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हेमबर्ग इथे 'द ग्रँड टूर' या गाड्यांवरच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणात सूत्रसंचालक रिचर्ड हॅमंड यांच्या हातून रिमॅकची कन्सेप्ट वन ही विजेवरची गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि जळून खाक झाली. हॅमंड वेळेत बाहेर पडले, गुडघ्याला इजा झाली. अशा फक्त आठ गाड्या बनल्या होत्या, त्यातली एक संपली. तरीही कंपनी बुडाली नाही. २०२१ मध्ये बुगाटी आणि रिमॅक यांची एकत्र कंपनी झाली. म्हणजे अपघातही पचवता येतो.

चाचणीपट्टी

कोकणकडा, मान्य आहे, परंतु रिमॅककडे तोवर मोठ्या कारखान्यांना बॅटऱ्या आणि तंत्रज्ञान पुरवण्याचा दुसरा धंदा उभा होता. गाडी जळली तरी चूल चालू राहिली. केवळ गाडीवर पोट असणाऱ्याला हे जमत नाही.

सुमेधा_एडिसन

मी न्यू जर्सीत राहते, म्हणून अमेरिकेतल्या प्रेक्षकाची एक अडचण सांगते, जी इंग्लंडमध्ये याच रूपात येत नाही. इथल्या सुरक्षानियमांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी २५ वर्षांची होईपर्यंत सर्वसाधारणपणे आणता येत नाही. पोर्शे ९५९ वर्षानुवर्षे गोदीत अडकून राहिल्याच्या हकिकती त्यातूनच आल्या. १९९९ पासून 'प्रदर्शनापुरती' म्हणून एक सवलत मिळाली, पण तीसुद्धा ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्व असलेल्या, थोड्या संख्येने बनलेल्या गाड्यांनाच, आणि अशी गाडी वर्षाला २,५०० मैलांपेक्षा अधिक चालवायची नाही. ज्या वयात गाडी बातमीचा विषय असते त्या वयात ती या देशात नसतेच, आणि जिला येऊ दिले तिचा मालक चित्रीकरणासाठी एकेक मैल मोजून देणार. इथले कार्यक्रम घरच्याच गाड्यांभोवती फिरतात, याचा दोष मी एकट्या निर्मात्यांना देणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही इटलीत सान चेझारियो सुल पानारो या गावी पगानीचा कारखाना आणि संग्रहालय पाहायला गेलो होतो. तिथे एका टेबलावर टायटॅनियमचे बोल्ट मांडून ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पगानीचे नाव कोरलेले होते, गाडीत बसवल्यावर जो कोणाच्या दृष्टीस पडणार नाही त्याच्यावरसुद्धा. माझा मुलगा एक बोल्ट तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला त्याचे वजनच जाणवेना. मी पगानी पडद्यावर अनेकदा पाहिली होती, धूर काढत वळताना, मोठ्या आवाजात. हा बोल्ट मला कोणी कधी दाखवला नव्हता.

पडद्यामागे

सुमेधाताई, हे वाचून फार बरे वाटले. आणखी एक कारण राहून गेले होते, ते म्हणजे मोठ्या कंपन्यांशी असलेले नाते. फेरारीने आपली एन्झो ही गाडी द्यायला नकार दिला तेव्हा २००४ मध्ये पिंक फ्लॉइडचे ढोलवादक निक मेसन यांनी आपली स्वतःची एन्झो टॉप गिअरला दिली आणि मोबदल्यात कार्यक्रमात त्यांच्या नव्या पुस्तकाचा उल्लेख व्हावा एवढीच अट घातली. तो भाग गाजला. एन्झो ४०० बनल्या होत्या, म्हणून असा एक मेसन सापडू शकला. बारा मालकांत असा मनुष्य शोधायचा म्हणजे नशीबच लागते.

दुसरीकडे, नाते जपण्याचे दडपणही असते. वाहन-पत्रकार क्रिस हॅरिस यांनी २०११ मध्ये फेरारी पत्रकारांना दिलेल्या गाड्या कशा खास तयार करून आणते हे उघडपणे लिहिले आणि त्यानंतर त्यांना फेरारीच्या गाड्या मिळणे बंद झाले. वर्षभराचे वेळापत्रक ज्यांच्या गाड्यांवर उभे असते त्यांना दुखवायची सोय नसते, आणि त्यांच्या गाड्या दाखवून झाल्यावर मोसमात दोन-तीनच जागा शिल्लक राहतात. निर्मात्यांच्या बैठकीत तेव्हा हमखास विचारले जाते की हे नाव लोकांना ठाऊक आहे का. चिझेटा म्हटले की खोलीत शांतता पसरते. नाव ठाऊक नाही म्हणून दाखवत नाहीत आणि दाखवत नाहीत म्हणून ते कोणाला ठाऊक होत नाही. ही शांतता मी स्वतः अनुभवली आहे आणि त्या वेळी मी पुरेसा आग्रह धरला नाही याची मला आजही खंत वाटते.

नागमोडी

वळणवाट यांचा जिवंत आणि बुडालेल्या कंपन्यांमधला फरक मला आता पटला. एक शंका मात्र राहते. आता यूट्यूब आहे, लिलावगृहे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोरोडर यांची चिझेटा लिलावात १३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली आणि त्या निमित्ताने तिची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मग दूरचित्रवाणीने दाखवले काय नि न दाखवले काय, फरक काय पडतो?

वळणवाट

फरक पडतो असे मला ठामपणे वाटते. लिलावगृहाची चित्रफीत विकण्यासाठी असते. ती दोष सांगत नाही. गिअर बदलताना हाताला किती जोर लागतो, गर्दीत इंजिन तापते का, मागचे काही दिसते का, हे विकणारा सांगणार नाही. मालकाची स्वतःची चित्रफीत प्रेमाने भारलेली असते, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याला गाडी विकायची नाही आणि जिच्यावर त्याचा पैसाही अडकलेला नाही, असा जाणता माणूस सुकाणूमागे बसून काय म्हणतो, हे फक्त कार्यक्रमच देऊ शकत होते. मॅक्लारेन एफ१ आणि बुगाटी व्हेरॉन यांची अबू धाबीतली शर्यत टॉप गिअरने २००९ मध्ये दाखवली. त्यामुळे पुढच्या पिढीला दोन्ही गाड्यांचा पळ एका चौकटीत पाहायला मिळाला. व्हेक्टरच्या वाट्याला असे काय आले? एका प्रसिद्ध अमेरिकी टेनिसपटूने ती विकत घेऊन परत केली ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती चालवायला कशी होती हे कोणाला विचारायचे?

या गाड्या चालवलेली माणसे म्हातारी होत आहेत. मूळ सूत्रसंचालकांचा 'द ग्रँड टूर' २०२४ मध्ये संपला. टॉप गिअरच्या चित्रीकरणात डिसेंबर २०२२ मध्ये अँड्र्यू फ्लिंटॉफ गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी बीबीसीने तो कार्यक्रम थांबवला. त्या प्रमाणात पैसा आणि माणसे घेऊन हे काम करणारे आता फारसे उरलेले नाहीत, म्हणूनच मी हा धागा काढला.

चाचणीपट्टी

मग मी माझ्या कामाच्या अनुभवावरून एक सुचवतो. मालक नकार देतो तो बहुतेक वेळा फेरीच्या मागणीला देतो. तिथे टायर, क्लच, विमा हे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. रोवन अॅटकिन्सन यांची मॅक्लारेन एफ१ २०११ मध्ये अपघातात सापडली तेव्हा दुरुस्तीचे बिल नऊ लाख पौंडांच्या पुढे गेले होते, हे प्रत्येक संग्राहकाला पाठ असते. त्याच्याकडे फेरी मागू नये.

त्याऐवजी रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करायला सांगावी. आम्ही याला थंड सुरुवात म्हणतो. सोळा सिलिंडरचे इंजिन पहिल्या मिनिटात कसे चालते, फेरे किती वेळाने स्थिर होतात, कोणत्या बाजूने आधी धूर येतो, एवढ्यावर जाणकाराला त्या इंजिनाची निम्मी कहाणी कळते. नंतर झाकण उघडून तेल कुठून भरतात ते दाखवावे, पट्टा बदलायचा तर इंजिन खाली काढावे लागते का ते विचारावे, क्लचच्या पेडलवर वजनकाटा टेकवून किती किलो जोर लागतो ते मोजावे. शेवटी मालकाला स्वतः चालवू द्यावी, ताशी तीस किलोमीटरने, त्याच्याच घरासमोरच्या रस्त्यावर, आणि शेजारी बसून त्याचे हात पाहावेत. याला धावपट्टी लागत नाही, रुग्णवाहिका लागत नाही, चार थेंब पाऊस आला तर गाडी पाच पावलांवर गॅरेजमध्ये जाते.

पडद्यामागे

पेडलवरचा वजनकाटा! हे मी नक्की चित्रित करीन. दोन कॅमेरे आणि एक चांगला ध्वनिमुद्रक एवढ्यात हे काम होते. ज्यांची गाडी त्या सकाळी परत गेली होती त्यांचा क्रमांक अजून माझ्याकडे आहे. पावसाळा संपला की त्यांना फोन करते आणि या वेळी फक्त थंड सुरुवातीसाठी वेळ मागते. चाचणीपट्टी, काटा तुम्ही घेऊन याल का?

चाचणीपट्टी

येतो. आदल्या रात्री गाडी हलवू नका, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.